वृद्ध रुग्णाचा उगारलेला हात

वृद्धांच्या मनोविकार विभागात, किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या कोणत्याही संस्थेत, एखाद्या रुग्णाने मावशींच्या हाताचा चावा घेतला, सिस्टरच्या अंगावर पाण्याचा पेला फेकला किंवा वॉर्डबॉयला लाथ मारली, की त्यानंतर बहुधा दोनपैकी एक वाक्य ऐकू येते. पहिले वाक्य रागाचे असते : ‘यांना सगळं कळतं, मुद्दाम करतात.’ दुसरे समजूतदारपणाचे असते : ‘जाऊ दे, आजारच तसा आहे.’ पहिल्या वाक्यातला अन्याय आपल्याला चटकन दिसतो आणि असे बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला आपण समज देतो. दुसरे वाक्य बोलणाऱ्याचे मात्र आपण कौतुक करतो. माझे म्हणणे असे आहे की वृद्धांच्या मानसिक आरोग्यसेवेचे अधिक नुकसान या दुसऱ्या वाक्यानेच होत आहे, कारण ते चांगल्या मनाने बोललेले असते आणि म्हणूनच ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

दोन्ही वाक्यांमध्ये जेवढे अंतर दिसते तेवढे ते नाही. हेतूला दोष द्या किंवा मेंदूला द्या, दोन्हींनुसार मारहाणीचे कारण रुग्णाच्या आतच आहे. एकदा कारण आत आहे असे ठरले, की उपायही रुग्णावरच करायचा असतो : गोळी वाढवायची, इंजेक्शन द्यायचे, नाहीतर हात पलंगाच्या कठड्याला बांधायचे. रागावलेला कर्मचारी आणि क्षमाशील कर्मचारी वेगवेगळ्या वाटांनी निघून त्याच ठिकाणी पोहोचतात. क्षमा केल्याने रुग्णावरचा राग जातो हे खरे, पण हा प्रसंग आत्ताच, इथेच, याच माणसाच्या बाबतीत का घडला, हा प्रश्नही तिच्याबरोबर निघून जातो.

हा प्रश्न थोड्या लोकांचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांच्याशिवाय ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत तारुण्यात दाखल होऊन तिथेच म्हातारे झालेले रुग्ण आहेत. खाजगी शुश्रूषागृहे आणि वृद्धाश्रम आहेत, आणि ब्युरोमार्फत बारा-बारा तासांच्या पाळीवर घरी येणारे अटेंडंट ज्यांची काळजी घेतात असे असंख्य वृद्ध आहेत. यांपैकी ज्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ पायही ठेवत नाही, तिथेही हात उगारला जातो आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम त्या क्षणी समोर असलेल्या माणसालाच करावे लागते.

कर्मचारी असा अर्थ कसा लावतात याचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटनमधील मानसिक परिचर्येच्या अभ्यासक जॉय डक्सबरी यांनी केला आहे. रुग्णाच्या आक्रमकतेची कारणे आजारात आहेत, वॉर्डच्या वातावरणात आहेत, की कर्मचारी आणि रुग्ण यांच्यातील प्रत्यक्ष व्यवहारात आहेत, याबद्दल त्या-त्या माणसाला काय वाटते हे मोजणारी एक प्रश्नावली त्यांनी तयार केली. २००५ मध्ये त्यांनी रिचर्ड व्हिटिंग्टन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन मनोविकार वॉर्डांतील ८० रुग्ण आणि ८२ परिचारक यांची मते विचारली होती. परिचारकांनी आक्रमकतेचे मुख्य कारण म्हणून रुग्णाच्या आजाराकडे बोट दाखवले. रुग्णांनी मात्र वॉर्डमधील परिस्थिती आणि कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातील उणिवा पुढे मांडल्या. प्रसंग तेच होते, पण त्यांच्या दोन हकिकती तयार झाल्या होत्या.

ते रुग्ण निदान स्वतःची हकिकत सांगू शकत होते. स्मृतिभ्रंश वाढलेल्या वृद्धाला ते शक्य नसते. दहा मिनिटांपूर्वी काय झाले हे त्याला आठवत नाही आणि आठवलेच तर सांगायला शब्द सापडत नाहीत. त्यामुळे केस पेपरवर उरते ती एकच बाजू : ‘पेशंट व्हायोलंट, स्टाफला मारले.’ पुढच्या पाळीची सिस्टर तेवढे वाचून जरा दुरूनच बोलते, वॉर्डबॉय सोबतीला आणखी एकाला घेऊन जातो, आणि दोन अनोळखी पुरुष एकदम अंगावर आलेले पाहून तो वृद्ध पुन्हा हात उगारतो. पहिल्या नोंदीचा खरेपणा सिद्ध झाल्यासारखा वाटतो. म्हणून वृद्धांच्या विभागात कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन ही रुग्णाच्या भवितव्याची सर्वांत मोठी बाब ठरते, असे मला वाटते.

हात उगारण्याच्या आधीची दोन-तीन मिनिटे नीट पाहिली तर काय दिसते? बहुतेक वेळा तिथे शरीराला हात लावण्याचा प्रसंग असतो : अंघोळ, कपडे बदलणे, डायपर बदलणे, तोंडात गोळी घालणे. अंघोळीचेच घ्या. ज्या स्त्रीने सत्तर वर्षे परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिला पहाटे झोपेतून उठवले जाते, थंड फरशीवर उभे केले जाते, अनोळखी हात तिचे लुगडे सोडू लागतात आणि डोक्यावर मगाने पाणी ओतले जाते. आपण कुठे आहोत आणि ही माणसे कोण, हे तिला कळत नाही. तिने ओरबाडले नाही तरच नवल. तिच्या जागी शहाणीसुरती बाई असती तर तिनेही तेच केले असते आणि आपण त्याला स्वसंरक्षण म्हटले असते. अमेरिकेतील फिलिप स्लोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अंघोळ त्यांच्या कलाने, किंवा अंग झाकलेलेच ठेवून कोमट ओल्या टॉवेलने अंथरुणातच पुसून घेण्याच्या पद्धतीने केली, तेव्हा अंघोळीच्या वेळचे आक्रमक प्रसंग निम्म्याहून अधिक घटले. रुग्ण तेच होते आणि त्यांचा आजारही तेवढाच होता.

वेदनेची गोष्ट तर याहून दुखावणारी आहे. गुडघ्याची झीज, कंबरेच्या मणक्याचे जुने दुखणे, दाढेचा गळू, पडून राहिल्याने झालेले शय्याव्रण, साचलेला मल, तुंबलेली लघवी यांपैकी काहीही असले तरी ते सांगता न येणारा माणूस कुशीवर वळवताना हात झटकतो आणि आपण त्याला आक्रमक म्हणतो. नॉर्वेमध्ये बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी १८ शुश्रूषागृहांतील ३५२ रुग्णांवर केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश आणि वर्तनाच्या तक्रारी असलेल्या या रुग्णांपैकी एका गटाला आठ आठवडे टप्प्याटप्प्याने वेदनाशामके देण्यात आली, आणि त्यांतील बहुतेकांना मिळाले ते साधे पॅरासिटामॉल. त्या गटातील अस्वस्थता आणि आक्रमकता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. औषध थांबवल्यावर ती पुन्हा वाढू लागली. ज्या गोळीची पट्टी घरोघरी पडलेली असते, ती न देता आपण किती वृद्धांचे हात बांधले असतील, या विचाराने अस्वस्थ व्हायला हवे.

बोलण्याच्या पद्धतीबद्दलही असेच सांगता येते. अमेरिकेतील कॅन्सस येथील क्रिस्टीन विल्यम्स यांनी काळजी घेतानाची चित्रणे तपासून दाखवले की वृद्धांशी लहान मुलांशी बोलावे तसे लाडिक, सोपे करून बोलले गेले, की त्यांच्याकडून काळजीला होणारा विरोध वाढतो. आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. घरात नातू आजीला ‘तू’ म्हणतो त्यात सलगी असते, आणि ती सलगी आजीनेच दिलेली असते. तेच ‘तू’ कालपर्यंत न पाहिलेल्या माणसाच्या तोंडून, ‘चल ऊठ, तोंड उघड, शहाणी ना तू?’ अशा सुरात आले, की जिने आयुष्यभर शाळेत वर्ग सांभाळला त्या बाईंना ते लागते. विसर पडलेल्या माणसाला नावे आठवत नाहीत, पण समोरचा आपल्याला मान देतो की नाही हे त्याला बराच काळ कळत राहते. वॉर्डमधल्या सगळ्या स्त्रिया ‘आजी’ आणि सगळे पुरुष ‘बाबा’ होतात, त्यामागे प्रेम असेलही. तरी ‘कुलकर्णी सर, शर्ट बदलू या का?’ या वाक्याने जे काम होते ते ‘ए बाबा, हात वर कर’ने होत नाही. भाषेचा अडसर असेल तर तो याहून मोठा असतो. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी मागे पडते, त्यामुळे मुंबईच्या रुग्णालयात हिंदीतून किंवा परदेशातल्या शुश्रूषागृहात इंग्रजीतून दिलेली सूचना मराठी वृद्धाला नुसता आरडाओरडा वाटू शकते.

कालपर्यंत शांत असलेला वृद्ध आज एकाएकी मारू लागला, तर तो मनोविकाराचा नव्हे, शरीराच्या आजाराचा इशारा असण्याची शक्यता अधिक. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घटणे, नव्याने सुरू केलेले एखादे औषध, यांपैकी कशानेही वात झाल्यासारखी, भ्रमिष्टपणाची अवस्था होते. तिथे ‘आजारच तसा आहे’ म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते.

आणि थांबून आपण जे देतो तेही निरुपद्रवी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये १७ चाचण्यांच्या आधारे इशारा दिला, की स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत नव्या पिढीच्या मनोविकाररोधक औषधांनी मृत्यूचे प्रमाण १.६ ते १.७ पट होते. २००८ मध्ये जुन्या पिढीची औषधेही त्या इशाऱ्यात आली. ब्रिटनमध्ये सुबे बॅनर्जी यांनी २००९ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात, तिथे स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधे दिली जातात, त्यांतील फार तर ३६ हजारांना त्यांचा काही लाभ होतो आणि दरवर्षी सुमारे १,८०० जादा मृत्यू ओढवतात, असा अंदाज मांडला होता. ल्यूई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर या औषधांनी अंग ताठरून रुग्ण दगावूही शकतो. औषधे कधीच देऊ नयेत असे मी म्हणत नाही. बाकी सगळे करून पाहिल्यावरही रुग्ण स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करत असेल, तर ठरावीक काळापुरते, मात्रा आणि मुदत लिहून औषध देण्याला पर्याय नसतो; ब्रिटनमध्ये रिस्पेरिडोन या मनोविकाररोधक औषधाला अशा वापरासाठी सहा आठवड्यांपर्यंतच मान्यता आहे. आक्षेप आहे तो पहिल्याच चाव्यानंतर सुरू होऊन मग कोणीही न थांबवलेल्या गोळीला.

इथपर्यंतचे विवेचन वाचून एखाद्या सिस्टरला किंवा मावशींना वाटेल की म्हणजे सगळा दोष आमचाच. मार आम्ही खायचा आणि उत्तरेही आम्हीच द्यायची. ही शंका रास्त आहे आणि ती बाजूला सारून हा विषय पुढे नेता येणार नाही. मार खाणारे शरीर खरे असते. चाव्याने कातडी फाटते, ठोशाने चष्मा फुटून डोळ्याला लागते, केस ओढल्याने मान लचकते. यातले बहुतेक मार परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या सिस्टर नव्हे, तर कंत्राटावरच्या आया, मावशी आणि वॉर्डबॉय खातात, कारण अंगाला हात लावण्याची कामे त्यांच्याकडे असतात. आजाराबद्दल सर्वांत कमी त्यांनाच सांगितलेले असते आणि जखमेबद्दल सर्वांत कमी विचारपूसही त्यांचीच होते. टिटॅनसचे इंजेक्शन घेऊन त्याच पाळीत त्याच रुग्णाकडे परत जावे लागते. घरी काम करणारी अटेंडंट मार खाऊन काम सोडते, ब्युरो दुसरी पाठवतो, नवा चेहरा पाहून रुग्ण आणखी बिथरतो आणि तीही जाते. नातेवाईक म्हणतात की हल्ली चांगली माणसे मिळत नाहीत.

एका गोष्टीबद्दल तर कोणीच बोलत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणाऱ्या स्मृतिभ्रंशात लाजेचे आणि मर्यादेचे भान सुटते. रुग्ण स्त्री कर्मचाऱ्याच्या अंगाला नको तिथे हात लावतो, अश्लील बोलतो. त्या स्त्रीला हे घरी सांगता येत नाही आणि संस्थेत सांगितले तर ‘म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं’ असे उत्तर मिळते. आजार हे त्या वर्तनाचे कारण आहे, हे मान्य करूनही तिला झालेला त्रास खरा आहे, हे म्हणता आले पाहिजे. ती दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ‘आजारच तसा आहे’ हे वाक्य इथे रुग्णाला माफ करताना तिलाही गप्प करते.

महाराष्ट्रात रुग्णालयांतील हिंसाचाराविरुद्ध २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तो आवश्यकच होता, पण व्यवहारात तो आठवतो तो संतापलेल्या नातेवाइकांनी केलेल्या हल्ल्यांच्या वेळी. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धाने मारलेला फटका हा गुन्हा नाही आणि आपल्या संस्थांच्या लेखी तो कामावरचा अपघातही नाही. त्याच्यासाठी कोणताच रकाना नाही. मग कर्मचारी तो सांगत नाहीत; सांगितलाच तर पहिला प्रश्न येतो, ‘तू काय केलंस?’

या प्रश्नाची भीती वाटते म्हणून क्षमेचे वाक्य सोयीचे होते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त सोयीचे ते व्यवस्थापनाला असते. घटनेआधीच्या दोन-तीन मिनिटांचा शोध प्रामाणिकपणे घेतला तर तो मावशींपाशी थांबत नाही. पहाटे पाचला अंघोळ का घातली? कारण आठच्या आत सगळ्यांची अंघोळ उरकली पाहिजे. गरम पाणी का नव्हते? ते ठरावीक वेळीच येते. एकटीनेच का उचलले? रात्रपाळीला दुसरे कोणी नव्हते. रुग्णाचे नाव का घेतले नाही? ती तिथे दुसऱ्याच दिवशी आली होती आणि तिला कोणी नाव सांगितले नव्हते. म्हणजे शोध ड्यूटीच्या तक्त्यापर्यंत, कंत्राटाच्या अटींपर्यंत आणि पगाराच्या आकड्यापर्यंत जातो. मावशींना सहनशील म्हणून गौरवणे फुकटात होते. दुसरी मावशी नेमायला पैसे लागतात. ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी नव्वदच्या दशकात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे माणूसपण हिरावून घेणाऱ्या वागणुकीचे सविस्तर वर्णन केले, तेव्हाच त्यांनी बजावले होते की हे काळजी घेणाऱ्यांच्या दुष्टाव्यातून येत नाही. ते ज्या रीतीत काम करतात त्या रीतीतून येते. ‘तू काय केलंस?’ याऐवजी ‘तुला काय करायला लावलं होतं?’ असे विचारले गेले तर कर्मचारी बोलू लागतील.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार आणि भावना यांच्याबरोबर स्थळकाळाचे भान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडही येतो, त्यामुळे वर्तन बिघडलेला स्मृतिभ्रंशाचा रुग्ण त्याच्या कक्षेत येऊ शकतो. कलम ९७ नुसार रुग्णाला एकांतात कोंडता येत नाही. त्याला बांधणे हा त्याला किंवा इतरांना होणारी तात्काळ इजा टाळण्याचा एकमेव मार्ग असेल तरच, आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, त्याला बांधता येते. शिक्षा किंवा जरब म्हणून बांधता येत नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधता येत नाही. पद्धत, कारण आणि कालावधी लगेच नोंदवायचा असतो, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचे असते आणि अशा प्रत्येक प्रसंगाचा समावेश असलेला अहवाल दरमहा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो. तमिळनाडूतील एरवाडीत २००१ च्या ऑगस्टमध्ये साखळ्यांनी जखडलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, त्यानंतर साखळीची लाज आपल्याला वाटू लागली आणि या कायद्याने तिच्यावर पूर्ण बंदीही घातली. गॉजच्या पट्टीने कठड्याला बांधलेल्या हातांची लाज अजून वाटत नाही. अतिदक्षता विभागात, वृद्धाश्रमात आणि घरीसुद्धा ते ‘त्यांच्याच भल्यासाठी’ बांधले जातात आणि आपण मुले म्हणून त्याला संमती देतो.

हे सगळे नॉर्वेला परवडते, आपल्याला नाही, हा आक्षेप ठरलेला आहे. वेदना आहे का हे पाहायला चेहरा, कण्हणे आणि अंगाची हालचाल निरखावी लागते. टॉवेलने अंग पुसायला यंत्र लागत नाही. गोव्यात अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८१ कुटुंबांचा समावेश होता. स्थानिक कार्यकर्ते, ज्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, थोडे प्रशिक्षण घेऊन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी जात, आजार समजावून सांगत, अवघड वर्तन कसे हाताळावे ते दाखवत. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा त्रास स्पष्टपणे कमी झाला. रुग्णांच्या वर्तनात तितका स्पष्ट फरक नव्हता, ही त्या अभ्यासातली गोष्ट मला मोलाची वाटते : काळजी घेणाऱ्याला कोणीतरी समजावून सांगितले आणि त्याचे ऐकून घेतले, तर तेच वर्तन त्याला पेलता येते. घरातल्या सुनेला जे देता आले ते कंत्राटावरच्या मावशींना न देण्याचे कारण पैसा नाही.

मनुष्यबळाची कमतरता मात्र खरी आहे, आणि ती प्रशिक्षणाने भरून निघत नाही. रात्री एकट्या माणसावर अख्खा वॉर्ड टाकून त्याला रुग्णाच्या कलाने घ्यायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणूनच नोंदींचा आग्रह धरला पाहिजे. ‘पेशंट व्हायोलंट’ ही नोंद बंद व्हावी आणि तिच्या जागी किती वाजता, कोणते काम चालू असताना, कोण आणि किती जण जवळ होते, त्याआधी रुग्णाने काय खाल्ले-प्याले होते, लघवी-शौच झाले होते का, दुखण्याची खूण होती का, आणि कर्मचाऱ्याला काय इजा झाली, हे मराठीत, मावशींनाही स्वतः लिहिता येईल अशा कागदावर लिहिले जावे. तीन महिन्यांच्या अशा नोंदींतून कोणत्या पाळीला माणूस वाढवायला हवा हे दिसेल, आणि ते मागण्यासाठी मेट्रनच्या हाती पुरावा असेल. महिन्याला मंडळाकडे जाणाऱ्या अहवालाला या नोंदी जोडाव्यात. कंत्राट देताना शासनाने आणि संस्थांनी चावा, मार आणि अंगचटीला येणे या प्रसंगांत उपचार, भरपगारी रजा आणि त्या रुग्णापासून काही काळ बदली मिळण्याचा हक्क लिहून द्यावा. आणि डॉक्टर या नोंदी वाचायला बसतील तेव्हा मावशी आणि वॉर्डबॉय यांनाही त्या बैठकीला बोलवावे, आणि त्या वेळेचा पगार त्यांना मिळावा.